भाडेकरणीची ओटी भरू नये

नंदुरबार,
माघ वद्य, बुधवार

प्रिय रूपकंवर,

तुमच्याकडचा जय जिनेंद्र आणि आमच्याकडचा रामराम. (हात आपोआप "सौ." लिहायला गेला होता. फुलचंदजी गेल्यापासून तो दोनदा असा गेला आणि दोनदा मी कागद बदलला. आमची दगूआत्या असती तर तिने "गं. भा." लिहायला लावलं असतं. ते मी लिहिणार नाही. तुला शाळेत रूप म्हणत होते, तीच तू.)

सातवीतला आपला बाक आठवतो का, खिडकीकडचा? मी डावखुरी आणि तू माझ्या डाव्या हाताला बसायचीस. लिहायला लागले की माझं कोपर तुझ्याकडे सरकायचं. तू एक दिवस फळ्यापाशी पडलेला खडूचा तुकडा उचलून आणलास आणि बाकाच्या मधोमध रेघ ओढलीस. कोपर रेघेपलीकडे आलं की एक चिंच. मी आत्याच्या परसातल्या चिंचा फ्रॉकच्या खिशातून आणायची आणि शनिवारपर्यंत त्या सगळ्या तुझ्या कंपासपेटीत गेलेल्या असायच्या. सिस्टर फिलोमिनांनी ती रेघ पाहिली तेव्हा ओरडल्या नाहीत, फक्त दोघींना आपापल्या रुमालाने पुसायला लावली. रेघ गेली आणि रुमाल आठवडाभर पांढरे राहिले. मग तू पेटी उघडून एकच चिंच मला परत दिलीस आणि तुझ्या बापूजींच्या आवाजात म्हणालीस, "ही अनामत. जागा सोडली की परत द्यायची असते." बाकीच्या तू खाल्ल्यास. तेव्हा तुला भाडेकरू कसे सांभाळावेत हे मी काय शिकवणार? आपल्या दोघींत जन्मजात घरमालकीण तू. मी तर या वयात, ध्यानीमनी नसताना झाले.

सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे आधी तब्येत. डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यावर काळा चष्मा लावून तू बाल्कनीत बसतेस आणि खालच्या लोकांना कुणी सिनेमातल्या बाई राहायला आल्यासारखं वाटतं, असं मयंक फोनवर सांगत होता. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली आहे, म्हणजे हे पत्र जिया वाचून दाखवत असणार. (जिया बेटा, तुझी सासू मध्येच "पुढे, पुढे" म्हणेल. तिचं ऐकू नकोस. ती शाळेतही धड्याचं शेवटचं पान आधी वाचायची.) माझे गुडघे आहेत तसेच आहेत. हेमकांतची तब्येत उत्तम आणि स्वभाव पूर्वीचाच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सकाळी घरातले सगळे नळ तपासतो. गावाबाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या पडल्या आहेत, जमीन दिसेल तिथे लाल. वारा फिरला की सगळं नंदुरबार एकदम शिंकतं. हल्ली रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर आधी शिंकतो आणि मग नमस्कार करतो.

आता तुझा प्रश्न. फोनवर तू घाईत विचारलंस, मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, म्हणून मी नीट उत्तर दिलं नाही. मला समजलं ते असं. मयंकचं म्हणणं, आई, आता कायमची सुरतला ये. खांडबाऱ्याचं घर बंद ठेवून त्याला वाळवी लागेल. बियाण्यांचा एक व्यापारी तयार आहे. खालचं कापडाचं दुकान त्याला गोदामाला हवं, वरच्या खोल्या माणसांना. पण घर सगळं हवं, एकही खोली मागे न ठेवता, आणि होळीच्या आत सही हवी. तू मला विचारलंस, "चेतना, घर भाड्याने देताना काय काय बघायचं असतं?" आणि मग आवाज खाली आणून विचारलंस, "सगळं द्यावं का ग?" पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला माझी फजिती सांगावी लागेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे, पण ते सापडायला मला जरा वेळ लागला. तेव्हा उशी नीट घेऊन बस.

तुला माहीत आहे, आई गेल्यावर तळोद्याचं दगूआत्याचं घर हेच माझं माहेर होतं. आत्याला मूलबाळ नव्हतं. दरवर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी ती कुणाच्या तरी जीपमधून मला मूळ पाठवायची. (जिया, तू नवापूरची, तुला ठाऊक असेल. पण सुरतेत कुणी विचारलं तर सांग, अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. सासरच्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात, आणि लेक आपली आपण येत नाही, माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं. त्याला मूळ म्हणतात.) मी साठीला आले, माझ्या केसांना मेंदी लागली, तरी आत्याचं मूळ यायचं. हेमकांत म्हणायचा, बसने जा ना, अर्धा दिवस वाचेल. त्याला कळायचं नाही की बसने गेलेली बाई फक्त तळोद्याला पोचते. मग आत्या गेली. घर माझ्या नावावर करून गेली आणि त्या वर्षीपासून मूळ यायचं थांबलं. हिशेब पाहिला तर मला एक घर मिळालं होतं.

रिकामं घर पाहून हेमकांतने ठरवलं की ते भाड्याने द्यायचं. त्याने मला घरमालकिणीचे धडे दिले. चेहरा कठोर ठेवायचा. अनामत हातात पडेपर्यंत पाणीसुद्धा विचारायचं नाही. मागची खोली, जिच्यात आत्याची बाज, पाटा-वरवंटा आणि लोखंडी पेटी होती, तिला कुलूप घालून ठेवायचं. मी आरशासमोर उभी राहून कठोर चेहऱ्याचा सराव केला. (हेमकांत म्हणाला, कठोर नाही, दाढ दुखल्यासारखा दिसतोय.) पहिले भाडेकरू म्हणजे काजल आणि नवनीत. ती परिचारिका, आठवड्यातून दोन-तीनदा जीपने डोंगरातल्या गावांत जाते, लसीकरण असलं की होडीत बसून नर्मदेकाठच्या मणिबेलीपर्यंत. तो आदिवासी विकासच्या कार्यालयात लेखनिक. टेम्पोतून सामान उतरलं तेव्हा ती एका हातात कुकर आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या बादलीत लावलेली तुळस घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली आणि वाकून माझ्या पाया पडली. झालं. माझा कठोर चेहरा तिथल्या तिथे उतरला.

तू सांग रूप, पहिल्यांदा उंबरा ओलांडून आलेल्या बाईला रिकाम्या पदराने कसं आत घ्यायचं? आत्याने मला तसं वाढवलंच नाही. मी कपाटातला खण काढला, नारळ शेजारच्या मोतीबाईंकडून आणला, तांदूळ घेतले आणि काजलची ओटी भरली. भरताना काहीतरी बोलावं लागतं. मी बोलले, "हे तुझं माहेरच समज." हे आपण प्रत्येक ओटीला बोलतो. सिस्टर शिकवायच्या ना, कुणी "कसे आहात" विचारलं तर खरं काय ते सांगायचं नसतं, तसंच हे. पण ती पोरगी पदर तोंडाला लावून रडायला लागली. नवनीतने तिच्या हातातला कुकर घेतला आणि मला हळूच सांगितलं की जातीबाहेर लग्न केलं म्हणून तिच्या घरचं दार बंद झालेलं आहे, चार वर्षांत कुणी तोंड पाहिलेलं नाही. आता माझ्या तोंडून गेलेला शब्द मी काय परत घेणार होते? उलट मी जाऊन मागच्या खोलीचं कुलूप काढलं. लेकीपासून कुलूप कसलं लावायचं?

महिना भरला. काजल पाकीट घेऊन आली. मी त्या दिवशी तळोद्याला गेले होते आणि ओट्यावर मोतीबाई बसल्या होत्या. मोतीबाई म्हणजे आत्याची जन्माची शेजारीण. गावात कुणाचं कुणाशी काय नातं लागतं आणि त्या नात्यात काय चालतं, काय चालत नाही, याचा निकाल त्याच देतात, आणि त्यावर वर कुठे अपील नसतं. मी पाकिटाला हात लावणार, तोच त्या म्हणाल्या, "काय व चेतना, लेकना पैसा लेस? दगू वरथीन देखी ऱ्हायनी!"

माझा हात तिथेच थांबला. आमच्या तापीकाठच्या शेतकरी घरांत बाप लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. माझ्या वडिलांनी मला मूल होईपर्यंत आमच्या घरी चहा घेतला नव्हता, बाहेर टपरीवर जाऊन पिऊन यायचे. लेकीकडून पैसा घेणं म्हणजे तर विचारूच नकोस. पाकीट परत गेलं. घरी आल्यावर हेमकांतने हकिगत ऐकली. एरवी तो साहेबी मराठी बोलतो, संतापला की अहिराणीवर येतो. म्हणाला, "तू घर भाड्याले दिधं का पोर दत्तक लिधी?" मी म्हटलं, दोन्ही. तो उठून नळ तपासायला गेला.

पण इंजिनिअर माणूस, वाट काढल्याशिवाय थांबत नाही. रात्रभर विचार करून त्याने तोडगा काढला. लेकीकडून घेत नाहीत ना? मग नवनीतकडून घे. पुढच्या महिन्यात मी हा तोडगा मोतीबाईंसमोर मांडला. त्यांनी कानाला हात लावले. "जवाईकडथीन? माय वं माय! जवाईले देतस का जवाईपासून लेतस?" आणि खरंच की ग. त्यात नेमका अधिक महिना आला. अधिकात जावयाला वाण द्यायचं असतं. मोतीबाई रोज ओट्यावर बसून, जवाईले काय करी ऱ्हायनी, म्हणून विचारायच्या. शेवटी मी अनारसे केले, चांदीचं निरांजन घेतलं, नवनीतला टॉवेल-टोपी केली. भाडं घेणं दूरच, मीच भाडेकरूला देऊन आले. हेमकांत त्या दिवशी नुसता जेवताना अनारशाकडे बघत होता.

याच्यापुढची गोष्ट ऐक, कारण इथे तुला खरा सल्ला आहे. न्हाणीचा नळ गळायला लागला. साधा भाडेकरू असता तर त्याने तक्रार केली असती. पण नवनीत आता जावई झाला होता. तो रुसला. काजलच्या फोनवरून कळायचं, आज जेवले नाहीत, आज बोलत नाहीत. नळाचं नावही नाही. मी दोनदा पुरणपोळी करून पाठवली. पोळी खाल्ली, रुसवा तसाच. अखेर हेमकांत दुसऱ्या कामासाठी तळोद्याला गेला तेव्हा सवयीने त्याने न्हाणीतला नळ तपासला, वायसर बदललं आणि रुसवा गेला. तेव्हा रूप, लिहून ठेव. भाडेकरणीची ओटी भरू नये. फार वाटलं तर चहा द्यावा, पण कपात द्यावा. बशीत ओतून दिला की नातं लागतं. आणि मैत्रीण, नातलग व निवृत्त इंजिनिअर या तिघांना भाड्याने घर कधीही देऊ नये. पहिली दोन भाडं देत नाहीत आणि तिसरा नळ तपासत बसतो.

(जिया, आता पाणी पी. पुढचा भाग जरा सावकाश वाच.)

गेल्या वर्षी याच दिवसांत मी तळोद्याला बाजाराला गेले होते. भाड्यासाठी नाही, ते तर केव्हाच सोडलं होतं. मला उगीच वाटलं, आत्याच्या खोलीत थोडा वेळ बसावं. ती मला त्या बाजेवर पुढ्यात घेऊन वेणी घालायची, इतकी घट्ट की डोळे तिरपे व्हायचे. मी गेले आणि दाराशी थांबले. मग कडी वाजवली. कडी वाजवली तेव्हा माझ्या लक्षात आलं की या दाराची कडी मी आयुष्यात कधी वाजवलेली नाही. काजलने दार उघडलं, "आई, या ना" म्हणाली, पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्ची पुसून पुढे केली, पाणी आणलं. किती चांगली पोर. मी खुर्चीत बसून मागच्या खोलीकडे पाहिलं. बाज भिंतीला उभी करून ठेवली होती आणि तिच्यावर नवनीतचे शर्ट वाळत होते. पाटा दार अडवायला लावला होता. सायकल होती, चपलांचा रॅक होता. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. घर माणसांनी वापरायचं असतं, आणि कुलूप मी स्वतः काढून दिलं होतं. काजल म्हणाली, जेवून जा. मी म्हटलं, नको, हेमकांत वाट पाहत असेल. तो वाट पाहत नव्हता, त्याला मी सांगूनच आले होते. बसमध्ये माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, मिरच्यांचे दिवस आहेत. मी म्हटलं, हो ना.

मी तिला माहेर देऊन टाकलं होतं, रूप, आणि देताना माझ्याकडे ते एकच होतं हे मी विसरले होते.

हे मी कुणाला बोलले नाही. हेमकांतला सांगितलं असतं तर त्याने लगेच खोली रिकामी करून घ्यायला सांगितलं असतं. मला खोली नको होती. काय हवं होतं ते मला सांगता आलं नसतं. आखाजी आली. आदल्या दिवशी सकाळी हेमकांत बनियनवर झाडांना पाणी घालत होता, आणि फाटकासमोर जीप थांबली. नवनीत उतरला. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर मीच दिलेली टोपी. हेमकांतला वाटलं, नळ. त्याने पाना आणायला आत जायचीही तयारी केली. नवनीत फाटकातच उभा राहिला, जरा लाजला आणि मला म्हणाला, "आई, आखाजीले तुम्हले लेवाले येल शे."

"कोनले?" हेमकांतने विचारलं.

"आईले. काजलनी मूळ धाडेल शे."

हेमकांतच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली आणि त्याची चप्पल भिजली. मी आत जाऊन साडी बदलली. पिशवीत काय भरलं मला आठवत नाही. तळोद्याला पोचल्यावर कळलं की मी एक साडी आणि बॅटरी घेऊन आले आहे.

परसातल्या लिंबाला झोका बांधला होता. मागच्या खोलीतली सायकल बाहेर होती, रॅक बाहेर होता, बाज पसरून तिच्यावर आत्याची गोधडी घातली होती. ती गोधडी काजलने पेटीतून काढून धुतली होती. मी गेल्या वेळी जेवल्याशिवाय गेले, त्यावरून पोरीने सगळं ओळखलं होतं. मला कडी वाजवावी लागली नाही, दार उघडंच होतं. खापरावरच्या पुरणपोळ्या मोतीबाईंच्या देखरेखीखाली झाल्या. (निम्म्या फाटल्या. डोंगरात होडीने जाणारी पोर खापराला भिते.) जेवण झाल्यावर काजलने मला पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ, आणि त्यावर ते पाकीट. मी पाकीट काढायला गेले तर मोतीबाईंनी माझा हात धरला.

"वटी कोनी भरी?" त्यांनी विचारलं.

"काजलने."

"मूळ कोनी धाडं?"

"काजलने."

"मंग माय कोन? काजल! मायनी लेकले दिधं, तेनामा पाप कसानं? ठेव पदरमा."

अशा रीतीने, रूप, मला भाडं मिळायला लागलं. मी लेक झाले म्हणून. दर महिन्याला काजल पाकीट देते तेव्हा मी खाली वाकून नमस्कार करायचा का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आणि नवनीत आता माझा कोण लागतो, याचा निकाल मोतीबाईंनी राखून ठेवला आहे. तो बिचारा कुठल्या नात्याने रुसावं या विचारात आहे, आणि त्यामुळे सध्या नळाबद्दल सरळ फोन करतो.

आता तुझं. बियाण्यांच्या व्यापाऱ्याला घर द्यायला काही हरकत नाही. माणूस सरळ असेल, भाडं वेळेवर देईल, ओटीचा प्रश्न येणार नाही. मयंकचंही चूक नाही. तो तुला जवळ बोलावतो आहे, किती जणींच्या नशिबी हे असतं! सुरतला तू राहावंस, नव्या डोळ्याने तापी पाहावीस. आमच्याकडून जाते तीच तिथे समुद्राला मिळते, म्हणजे तशी तू गावाच्याच पाण्याजवळ असशील. पण मी त्या झोक्यावर बसले होते तेव्हापासून एक गोष्ट मनात आहे. घर आपल्या नावावर असणं आणि त्या घरातून आपल्याला बोलावणं येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यापारी तुला भाडं पाठवेल. मूळ पाठवणार नाही. गोदाम कुणाला "ये" म्हणत नाही. तुमच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून स्टेशन दिसतं. लग्न होऊन आलीस तेव्हा पहिले काही महिने तू तिथे उभी राहून नंदुरबारकडे जाणाऱ्या गाड्या पाहून रडायचीस, आणि फुलचंदजी दुकानातून वर येऊन तुझ्या मागे उभे राहायचे. तूच मला लिहिलं होतंस. पुढे तर संध्याकाळची सुरतेची गाडी सुटली की ते दुकान बंद करायचे आणि तुम्ही दोघं त्याच खिडकीत चहा घ्यायचात. तिथे कामगारांच्या खाटा लागल्या तर व्यापाऱ्याचं काही चुकणार नाही. पण तू एखाद्या दिवशी जाशील, कडी वाजवशील, आणि तो भला माणूस तुला खुर्ची पुसून देईल. म्हणून सांगते, सगळं देऊ नकोस. ती एक खोली ठेव. व्यापारी नाही म्हणाला तर दुसरा मिळेल, बियाणं सगळ्यांनाच लागतं.

बाकी काय लिहू? वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहायची जागा आली आणि लक्षात आलं की आता दोन्ही घरांत वडीलधाऱ्या आपणच. तेव्हा आपल्याला आपलाच नमस्कार. मयंक-जियाला आशीर्वाद. डोळ्याला पाणी लागू देऊ नकोस, रडायचं असेल तर डॉक्टरांना विचारून रड.

तुझी,
चेतना

ता. क. – जिया, इथे थांब आणि कागद सासूच्या हातात दे. पुढचं मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, चष्मा काढून एका डोळ्याने वाचता येईल.

रूप, ती मागची खोली मला भाड्याने दे. मैत्रिणीला घर देऊ नये असं मी वर लिहिलं आहे, ते बाकीच्यांच्या मैत्रिणींना लागू. महिन्यातले चार-आठ दिवस मी तिथे येऊन राहीन. हेमकांतला नंदुरबारातले नळ पुरत नाहीत, त्यालाही बदल होईल. मला जागेची गरज नाही, हे तू ओळखशीलच. माझ्या नावावर एक घर आहे आणि ज्यात मी राहते ते दुसरं. पण खांडबाऱ्यात तुझ्या खिडकीत कुणीतरी असलं म्हणजे आखाजीला तुला बोलावणं पाठवता येईल. मी हेमकांतला सुरतेला धाडीन. तो तुमच्या फाटकात उभा राहून "लेवाले येल शे" म्हणेल. लाजेल, पण म्हणेल. मी विचारून घेतलं आहे.

ता. क. दुसरा – जिया, तू वरचं वाचलंसच. मीही वाचलं असतं. नवापूरला तुझ्या आईच्या घरी तुझी खोली अजून तशीच आहे ना? मग मयंकला काय सांगायचं ते तुला मी शिकवायला नको. होळी जवळ आली आहे, आजच सांग.

ता. क. तिसरा – हे पत्र आणि सोबतची कापडी पिशवी आमच्या शेजारच्या सरलाबाई आणतील. त्या लेकीच्या बाळंतपणाला सुरतेला निघाल्या आहेत आणि वाटेत पिशवी उघडून बघतील, म्हणून कुणाचं काय ते इथे लिहिते. लाल तिखट जियाचं. नव्या मिरचीचं आहे, आधी अर्धा चमचाच घाल. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, मयंकचे, लसूण न घालता केले आहेत. त्याने ते स्वतः तळायचे, बायकोला सांगायचं नाही. पितळेचं कुलूप खांडबाऱ्याच्या मागच्या खोलीसाठी. त्याला दोन किल्ल्या आहेत, एक रूपने ठेवावी, दुसरी सरलाबाई परतताना त्यांच्यासोबत माझ्याकडे पाठवावी. किल्ली आली की मी समजेन. नाही आली तरी समजेन, आणि बिबडे तरीही तळा.

नारळ आणि हिरवा खण रूपचा. नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत म्हणे. मोतीबाईंना मी विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. जिया, सासूला पाटावर बसव आणि माझ्या वतीने तू भर. मायनी लेकले दिधं, तेनामा पाप कसानं?

तळाशी कागदात गुंडाळलेली एक चिंच आहे. ती रूपची. कुणी खाऊ नये, अनामत आहे.